वरचा पाइप

“काका, काल तुम्हीच म्हणालात ना, थर्मोस्टॅट ठणठणीत आहे म्हणून?”

सिस्टरच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच नाडीमास्तरांना जास्त लागलं. दोरी बांधून ओढून आणलेली तिची गाडी गॅरेजच्या दारात उभी होती. सकाळी हॉस्पिटलला जाताना चढावर तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला आणि बॉनेटमधून भसाभसा वाफ निघाली. तिने तिथल्या तिथे इंजिन बंद केलं म्हणून निभावलं, नाहीतर इंजिनाचा निकालच लागला असता.

नाडीमास्तर हे नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं. तीस वर्षं त्यांनी बिघडलेला थर्मोस्टॅट नुसत्या हाताने ओळखला होता. गार इंजिन सुरू करायचं, रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या पाइपवर तळहात ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. काटा मध्यावर येईपर्यंत पाइप गार राहतो. मग आतली झडप उघडते आणि गरम पाणी एकदम हाताखालून धावतं. काटा चढतोच आहे आणि पाइप मात्र गार, तर झडप अडकली म्हणून समजा. कुणी तापमान मोजायचं यंत्र घ्या म्हटलं, की मास्तर खेकसत, “हे हात काय नुसते जेवायला दिलेत?”

काल याच गाडीच्या पाइपवर हात ठेवून ते उभे होते. काटा मध्याच्या पुढे सरकला. हाताखाली गरम नव्हतं, गारही नव्हतं. काहीच नव्हतं. आणि हे काल पहिल्यांदा झालं असंही नाही. चार महिने ते आवाजावरून, वासावरून अंदाज मारत होते आणि नशीब सांभाळून घेत होतं. घरी बायको ओरडायची, “अहो, चप्पल मागे राहिली की! लक्ष कुठंय तुमचं?” लक्ष जागेवर होतं हो, चप्पल निसटल्याचं पायालाच कळलं नव्हतं. साखर वाढलेली, गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या. काल सिस्टर समोर घड्याळ बघत उभी होती, आणि ‘मला कळत नाही’ एवढं काही त्यांच्या तोंडून निघेना. “आला गरम,” असं म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं, गाडी तापते ती झाकणामुळे असं सांगत रेडिएटरचं झाकण बदललं आणि गाडी देऊन टाकली.

आता त्यांनी बॉनेटकडे हात नेला, तर सिस्टरने मनगटच धरलं.

“हे कधी भाजलं?”

तळहातावर बटणाएवढा फोड होता. मास्तर त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा हात असल्यासारखे बघत राहिले.

“असेल कुठंतरी. आमचं कामच तसलं.”

“डोळे मिटा.”

“अहो सिस्टर, आधी गाडी तरी बघू द्या.”

“मिटा म्हणते ना! पेनाचं टोक लावतेय. कळतंय?”

“कळतंय की.”

“आणि आता?”

“हो, टोचतंय.”

त्यांनी डोळे उघडले. पेन तिच्या खिशातच होतं.

“किती दिवस झाले?” तिने हळूच विचारलं.

“चार महिने.” त्यांनी हात सोडवून घेतला. “कालही काही कळलं नव्हतं. मी थाप मारली, सिस्टर. चढावर तुमचं काही बरंवाईट झालं असतं तर...” त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा हातच गेला, तर मागे मी काय उरलो?

“साखरेचं लक्षण आहे हे. उद्या माझ्या वॉर्डात या. हात पूर्वीसारखा होईल, असं मी सांगणार नाही. पण निदान पाय तरी वाचवू.”

मास्तरांनी थर्मोस्टॅट काढला. चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात टाकला. पाणी खळाखळा उकळलं, झडप ढिम्म. एवढं तर काल डोळ्यांनीही दिसलं असतं. त्यांनी नवा बसवला, पाणी भरलं, इंजिन सुरू केलं. सवयीने हात पाइपकडे गेला आणि तसाच मागे आला.

“सिस्टर, जरा इकडे या. इथं हात ठेवा.”

तिने ठेवला. “गार आहे.”

“थांबा.”

“अजून गारच आहे, काका.”

“थांबा हो. घाई करायची नाही.”

काटा सावकाश मध्यावर आला. मास्तर पाइपकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होते.

“आला!” ती एकदम म्हणाली. “अगदी धावतच आला!”

“हात काढा आता,” मास्तर म्हणाले. “भाजेल.”