वाफेतला चेहरा

लाँड्रीत चोर शिरला तेव्हा दुपार होती आणि आत्या एकटीच होती. इस्त्रीच्या यंत्रातून वाफ फुसफुसत होती, दोरीवरच्या पांढऱ्या चादरी झोपलेल्या माणसाच्या छातीसारख्या वरखाली होत होत्या. त्या चादरींमधून एक माणूस आला. त्याने चाकू दाखवला, गल्ला उचलला आणि आला तसा चादरींत विरघळून गेला.

संध्याकाळी भाची धावतपळत आली तेव्हा आत्या म्हणाली, "चाकू कसा लखलखत होता बघ! चेहरा? चेहरा कुठला गं, नुसती वाफ."

भाची विद्यापीठात साक्षीदारांच्या स्मरणशक्तीवर संशोधन करत असे. एखादी घटना पाहिलेल्या माणसाला ती पुढे कशी आठवते, कुठे चुकीची आठवते, हा तिचा अभ्यास. तिला 'बिनऔषधाची डॉक्टर' हे नाव आत्यानेच ठेवलं होतं.

पुढच्या आठवड्यात आत्याचा सूर पालटला. पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंपैकी एकावर तिने बोट ठेवलं होतं. जरा चाचरतच ठेवलं, पण इन्स्पेक्टर बाई लगेच म्हणाल्या, "शाब्बास! आमचाही संशय याच्यावरच होता." तेव्हापासून आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला तो चेहरा सांगू लागली. रुंद कपाळ, डावी भुवई मध्येच तुटलेली, ओठ जरासे हसरे. "झोपेतून उठवून विचारा, सांगेन!" आणि खरंच, तिला आता छान झोप लागत होती. भीतीला एक तोंड मिळालं होतं आणि ते कोठडीत होतं.

भाचीला मात्र पहिल्या दिवशीची ती वाफ आठवली. वाफेचा असा चेहरा होताना तिने प्रयोगांत कितीदा पाहिलं होतं. त्यावर कुणी 'शाब्बास' म्हटलं, की तो दगडासारखा पक्का व्हायचा.

"आत्या, पहिल्या दिवशी तू म्हणालीस, चेहरा आठवत नाही."

"मग आता आठवला. त्यात काय?"

"आठवला, की फोटोत भेटला?"

आत्याने हातातला कप खाली ठेवला. "म्हणजे मी खोटं बोलते? तुला कडेवर घेऊन वाढवलं ते हे ऐकायला?"

"खोटं नाही गं. आठवण खरीच आहे. फक्त ती कुठली आहे, ते मला कळत नाही."

दोन दिवस आत्याने भाचीचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून म्हणाली, "बरं, तपासून बघ माझी आठवण. पण तू विचारायचं नाहीस. तुझ्यासमोर मला रडू येतं."

इन्स्पेक्टर बाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. "माझाच साक्षीदार फोडताय की!" पण भाची पोलिसांना देत असलेल्या प्रशिक्षणाला त्या येऊन गेल्या होत्या, म्हणून आत्याला पुन्हा विचारायची परवानगी दिली. प्रश्न विचारायला भाचीचा सहकारी बसला. एक प्रश्न विचारून तो इतका वेळ गप्प राही, की विद्यार्थी त्याला मौनीबाबा म्हणत. भाची मागे भिंतीला टेकून उभी राहिली.

"डोळे मिटा," मौनीबाबा म्हणाला. "घाई नाही. पुन्हा तिथे जा."

आत्या गेली. ओल्या फरशीचा गारवा पायांना लागला, साबणाचा वास आला, चादरी हलू लागल्या. तिचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. चाकू आला. हात आला.

"चेहरा दिसतो?"

"दिसतो ना. स्पष्ट."

"त्याच्याजवळच थांबा. आजूबाजूला काय आहे?"

"उजेड. पांढरा, खूप उजेड... आरसा आहे. तो वाकलाय माझ्याकडे. माझ्या कानामागे काहीतरी नीट करतोय, बोटं गार आहेत. विचारतोय, घट्ट होत नाही ना, मावशी?" आत्या थांबली. "आमच्या लाँड्रीत आरसा नाही."

तिने डोळे उघडले आणि मागे वळून थेट भाचीकडे पाहिलं. "अगं, हा चष्म्याच्या दुकानातला माणूस! चोरी झाली त्याच आठवड्यात त्याने मला चष्मा लावून दाखवला होता."

तो माणूस पहिल्यापासून सांगत होता, की त्या दुपारी तो दुकानातच होता. पण पूर्वी कधीतरी चोरीत सापडलेला, कोण ऐकणार? आता इन्स्पेक्टर बाईंनी त्या दुपारची गिऱ्हाइकं शोधून काढली आणि तो सुटला. दुकानाने मात्र त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवला होता.

आत्या त्या सुटलेल्या माणसाच्या घरी गेली. भाची जिन्यात थांबली. दार उघडून तो बघत राहिला, ओळख पटायला वेळ लागला.

"मी मुद्दाम नाही केलं रे," आत्या म्हणाली. "मला खरंच तूच दिसत होतास."

"तेच तर, मावशी," तो म्हणाला. "तुम्ही खोटं बोलला असतात तर निदान रागावता तरी आलं असतं." त्याने दार हळूच लावून घेतलं.

आत्याने चष्म्याच्या दुकानाच्या मालकाला गाठलं, त्याला परत कामावर घ्या म्हणून विनवलं, भांडलीसुद्धा. मालक बधला नाही. महिन्याभराने त्या माणसाला दुसरीकडे काम लागल्याचं इन्स्पेक्टर बाईंकडून कळलं. खरा चोर काही सापडला नाही. बाई आता फोटो दाखवायला अशा हवालदाराला बसवतात, ज्याला संशय कुणावर आहे हेच ठाऊक नसतं.

आत्याची झोप पुन्हा उडाली. भाची तिच्याकडेच राहायला आली.

"कोठडीत कुणीतरी असतं तर बरं झालं असतं," एकदा पहाटे आत्या म्हणाली. "अगदी कुणीही."

"हो," भाची म्हणाली, आणि तिने आत्याच्या अंगावर पांघरूण ओढलं.