पांढऱ्या सेडानचा क्लच

सकाळी सातच्या सुमारास शेडच्या पूर्वेकडील उंच खिडक्यांतून जो उजेड आत येतो, त्याला कसलीही घाई नसते. आधी तो छताच्या लोखंडी कैच्यांवर टेकतो, तिथल्या धुळीला क्षणभर सोनेरी करून पाहतो, आणि मग भिंतीवर टांगलेल्या पान्यांच्या ओळीवरून, एकेक पाना मोजत असल्यासारखा, खाली उतरतो. जमिनीवरचे तेलाचे डागही तो वगळत नाही; त्यांच्यावरून जाताना त्याचा पाय थोडा घसरतो इतकेच. साडेसातपर्यंत तो तिन्ही गाड्यांजवळ पोचतो. निळी गाडी त्याला गिळून टाकते, आणि तिच्या बॉनेटवर विहिरीच्या तळाशी दिसावी तशी एक चकाकी तेवढी उरते. करडी त्याला जवळही करत नाही आणि परतही धाडत नाही. पांढरी मात्र मिळालेला सगळा उजेड देऊन टाकते. तिच्यामुळे समोरच्या भिंतीवर एक फिकट चौकोन उमटतो. वर्षभर मी इतरांच्या आधी येऊन तो चौकोन सरकताना पाहत असे. त्या अर्ध्या तासात कोणाशीही बोलावे लागत नसे.

त्या दिवशी मात्र माझ्याही आधी कोणीतरी आले होते. कामाच्या टेबलावर जळून काळी पडलेली एक क्लच प्लेट होती, आणि टेबलामागे, हाताची घडी घालून, माझे काका उभे होते.

"या, मौनीबाबा," ते म्हणाले. "तोंडातून शब्द फुटत नाही, पण कागदावर माणसाला आडवा करता येतो. चांगली प्रगती आहे."

मी डबा खुंटीला अडकवला.

आमची ग्राहक संघटना दरवर्षी एकाच वर्गातल्या तीन गाड्या साध्या गिऱ्हाइकासारख्या विकत घेते, त्या वर्षभरात प्रत्येकी वीस हजार किलोमीटर चालवते, आणि त्यांची तुलना आपल्या मासिकात छापते. या वर्षी मध्यम आकाराच्या कौटुंबिक सेडान होत्या. पांढरीला साधे पेट्रोल इंजिन आणि हाताने बदलायचे सहा गिअर होते. करडीला टर्बो इंजिन आणि दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स; रस्ता मोकळा असला की ती रेशमासारखी धावे, पण गर्दीत तिला मधूनच उचकी लागे. निळी हायब्रिड होती. गावातल्या वाहतुकीत ती इतके कमी पेट्रोल पिई की पहिल्या महिन्यात आम्ही टाकी दोनदा भरून मोजली. तिची खरेदीची किंमत मात्र ही बचत कित्येक वर्षे खाऊन टाकणारी होती. पाच वर्षांचे इंधन, सर्व्हिसिंग, टायर, विमा आणि विकताना घसरणारी किंमत एकत्र धरली, तर पांढरी सर्वांत स्वस्त पडत होती. तसे तक्ते मी स्वतः तयार केले होते. मग सतरा हजार किलोमीटरवर तिचा क्लच गेला, आणि ती दुसऱ्या क्रमांकावर आली.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. संघटनेच्या गाड्या बावीस वर्षे त्यांच्याच हाताखालून गेल्या आहेत, आणि मला ही नोकरीही त्यांच्याच शब्दावर मिळाली. दोन दिवसांपूर्वी दिलेल्या अहवालात मी लिहिले होते: 'क्लच प्लेटची अकाली झीज. संभाव्य कारण: दहा हजार किलोमीटरच्या सर्व्हिसिंगच्या वेळी पेडलची सदोष जुळवणी.' संचालिकांनी तो आदल्या संध्याकाळी वाचला होता, आणि नऊ वाजता त्या शेडमध्ये येणार होत्या.

"पेडल मी कुणाच्या सांगण्यावरून खाली घेतलं?" काकांनी विचारले.

"माझ्या. पण घेतलं तुम्ही."

"अर्धं बोट! मोजून अर्धं बोट. पेडल सुरुवातीला सैल दबेल इतका मोकळा खेळ ठेवला होता. तूच पाय टेकवून बघितलास आणि म्हणालास, आता बरं वाटतंय. म्हणालास की नाही?"

"मला त्यातलं काय कळतं? मी काही मेकॅनिक नाही."

"मग कारण कसं कळलं तुला?"

"मी 'संभाव्य' असं लिहिलंय," मी म्हणालो.

"संभाव्य!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली, प्लेट उडाली आणि गोल फिरत स्थिर झाली. "धुऊन पिऊ का मी तुझं ते संभाव्य? मॅडमनी काय वाचलं असेल? मिस्त्रीची चूक. छापून आल्यावर गल्लीतलं पोरसुद्धा वाचेल, मिस्त्रीची चूक!"

त्यांचा आवाज पत्र्यावर आदळून दुप्पट होऊन परत येत होता. हा आवाज मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यांनी मला गाडी शिकवली ती याच आवाजात, काचा उघड्या ठेवून, सगळी वस्ती ऐकेल अशी. "डावा पाय काय घरून पेडलला चिकटवून आणलायस?" असे ते ओरडत, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली माणसे वजन करायचे थांबून हसत. त्या हसण्याचा हिशेब मी कोणाकडेही मागितला नव्हता. मी तो फक्त जपून ठेवला होता.

"ओरडू नका," मी म्हणालो. "ओरडून काही सिद्ध होत नाही. तुम्हाला आयुष्यभर वाटत आलं, की मोठ्याने बोललं की खरं ठरतं."

प्लेट उचलून त्यांनी माझ्या नाकासमोर धरली.

"बरं, हळू सांगतो. जुळवणी चुकली असती तर क्लच आठवड्यात घसरायला लागला असता. तू तक्रार घेऊन आला असतास. ही तशी गेलेली नाही. ही रोज भाजलीय, थोडी थोडी. कुणीतरी पाय पेडलवर ठेवून चालवलीय. पण वहीत तिघांच्या सह्या आहेत ना! तिघांमध्ये एक पाय असा असता, तर मधल्या महिन्यांत हिला विसावा मिळाला असता, इतकी गेली नसती. मग तिघांचेही पाय तसेच म्हणू? तीस वर्षं बस हाकलेल्या माणसाचाही? रात्रभर डोकं फोडतोय. कुणावर बोट ठेवू मी?"

आमच्या कामाचा एक जुना नियम आहे: प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला तिन्ही चालकांनी गाड्या आपसांत बदलायच्या आणि नोंदवहीत सह्या करायच्या. एका माणसाच्या सवयी एकाच गाडीच्या माथी बसू नयेत, हा त्यामागचा विचार. आम्ही दर महिन्याला सह्या केल्या होत्या. गाड्या एकदाही बदलल्या नव्हत्या. करडीवरच्या ताईंचा डावा गुडघा दुखे, त्यांना ऑटोमॅटिक सोडवत नव्हती. निळीवरचे निवृत्त बसचालक म्हणत, की या जन्मापुरते गिअर टाकून झाले. सूचना मात्र माझी होती. संघटनेत नोकरीला लागल्यापासून मी सलग उच्चारलेले ते सर्वांत लांब वाक्य असावे. मला पांढरी हवी होती. गिअर बदलण्यात गुंतलेल्या माणसाला शेजारी बसलेला कोणी फारसे बोलायला लावत नाही.

एका पायाने काय होते, असे मी स्वतःला सांगत आलो होतो. सतरा हजार किलोमीटर ही काही प्लेट संपण्याची मजल नव्हे, प्लेटच हलकी असेल, नाहीतर जुळवणी. काकांनी आपली चूक जन्मात कधी कबूल केली आहे? हा प्रश्न मला फार समाधान देई.

नऊला संचालिका आल्या. त्यांच्या मागोमाग करडीवरच्या ताई आल्या, हातात चहाचा कागदी पेला घेऊन. संचालिकांनी प्लेट पाहिली, नोंदवही उघडली, प्रत्येक महिन्याच्या सह्यांवरून बोट फिरवले.

"मिस्त्री, तीन वेगवेगळे चालक आणि तरीही ही अवस्था. मग चालवण्याचा दोष मी कसा धरू?"

"मॅडम, प्लेट खोटं बोलत नाही."

"वही बोलते का?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. मी पान्यांकडे पाहत होतो.

"मला हे आवडत नाहीये," संचालिका म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात आवरून धरलेली चीड होती. "पण आपल्याच शेडने गाडी बिघडवली आणि आपणच तिला कमी गुण दिले, असं वाचकांनी म्हटलं तर आपण कुठे तोंड दाखवणार? पुढच्या महिन्यापासून गाड्या बाहेरच्या सर्व्हिस सेंटरला जातील."

"म्हणजे मी बाहेर जाईन," काका म्हणाले. "सरळ बोला की, मॅडम. बावीस वर्षं झाली, सरळ बोललेलं मला चालतं." मग ते माझ्याकडे वळले. "आणि तू रे? तुझ्या बापाला संध्याकाळी काय सांगू? पुतण्याने पेन्शन लिहून दिली?"

"मी जे दिसलं ते लिहिलं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. तो चढलेला ऐकून मलाच भय वाटले, आणि बरेही वाटले. "दर वेळी तुमचीच बाजू खरी का? मी लिहिलं म्हणून ते खोटं का?"

"पुरे," संचालिका म्हणाल्या. "पांढरीला नवीन क्लच बसलाय ना? उरलेले तीन हजार किलोमीटर ताई पुरे करतील. ताई, आताच काढा गाडी."

ताईंनी पेला टेबलावर ठेवला आणि त्या पांढरीत बसल्या. गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. त्यांनी इंजिन सुरू केले, गिअरच्या मुठीवरची आकृती डोळे बारीक करून वाचली, दांडी डावीकडे नेऊन वर ढकलली आणि क्लच सोडला. मागे येण्याऐवजी गाडी वीतभर पुढे उडाली आणि आचका देऊन बंद पडली. त्यांनी पुन्हा सुरू केले. पुन्हा तेच, आता बंपर भिंतीपासून चार बोटांवर होता. ताईंनी काच खाली केली. त्या चिडल्या होत्या, आणि चिडलेल्या माणसाला सावध राहायचे भान नसते.

"अहो, ही मागे कशी घ्यायची? रिव्हर्स कुठे दडवलाय हिचा?"

मुठीखाली एक कडी असते. ती दोन बोटांनी वर ओढल्याशिवाय रिव्हर्स पडत नाही. पांढरी एकदा जरी बाहेर काढलेल्या माणसाला हे विचारावे लागले नसते.

संचालिकांनी हातातली नोंदवही पुन्हा उघडली. "चार महिने चालवलीत ना तुम्ही ही?"

ताईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मला त्यांचा राग आला, त्यांच्या गुडघ्याचा, त्या कडीचा, ती कडी तिथे बसवणाऱ्या अभियंत्याचाही.

काका सावकाश माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ते ओरडणार असे मला वाटले. ते ओरडले असते तर मी उत्तर दिले असते, माझ्याजवळ उत्तरे होती.

"यातले तुझे किती?" त्यांनी विचारले.

"सगळे," मी म्हणालो. "सतरा हजार."

"आणि मी रात्रभर त्या बसवाल्यावर संशय घेत बसलो." त्यांनी संचालिकांकडे बोट केले. "बोल. मला नको सांगू. मॅडमना सांग. तोंडाने सांग."

संचालिकांनी वही मिटली. ताई गाडीतून उतरल्या नव्हत्या. मी अहवालातले वाक्य मनात पुन्हा वाचले. ते लिहिताना 'संभाव्य' हा शब्द मी तीनदा खोडून तीनदा घातला होता.

मग मी सांगितले, की क्लच माझ्याच डाव्या पायाने जाळला होता, आणि अहवाल लिहीत असताना ते मला ठाऊक होते.