पालथी कोठी

मित्रांनो, गढा नावाच्या वस्तीतल्या एका गल्लीत, ओट्यावर पालथी घातलेली पत्र्याची जुनी कोठी दिसते ना, ती मी. माझं तोंड जमिनीकडे आहे. सध्या मला तेच बरं वाटतं.

इथल्याच एका टिनवाल्याने मला ठोकून घडवलं. अंबादासांनी मला डोक्यावरून घरी आणलं. त्यांच्या पत्नी चंपाबाई धान्य भरण्याआधी एक दाणा दाताखाली धरायच्या. कट्‌ असा आवाज आला तरच ते धान्य माझ्यात यायचं. शेजारणी म्हणायच्या, "कोठी असावी तं अशी!" मी फुशारून जायची.

यंदा चंपाबाईंच्या भावाने सिहोऱ्याहून बसच्या टपावर मक्याचं पोतं पाठवलं. वाटेत ते भिजलं. वरचे दाणे कोरडे दिसत होते. चंपाबाईंच्या दाढा आता पडल्या आहेत. "तू चावून पाहा," असं सुनेला म्हणायला त्यांना कमीपणा वाटला. त्यांनी मका तसाच भरला आणि झाकण घट्ट लावलं. दिवसा माझा पत्रा तापायचा, रात्री त्याला आतून पाणी सुटायचं. ते दाण्यांवर गळायचं आणि मी काही करू शकत नव्हते.

नातीच्या, समृद्धीच्या पेजेसाठी सून राखीने झाकण उघडलं, तेव्हा हिरवट भुकटी उडाली आणि कुबट वास आला.

"आई, हा मका टाकून द्या."

"काहून? धुते, वाळवते, भाजते. काही नाही होत."

"बुरशीचं विष धुऊन-भाजून जात नाही, आई. लिव्हर खराब करते. माझ्या लेकराले मी हे देणार नाही."

अंबादास म्हणाले, "मग विपुलच्या गाईले घाला. जनावराले सारं पचते."

विपुल गल्लीतला दूधवाला. तो खूश झाला. "वाह काकू, आज तो गौरी की दावत हो गई!"

काही दिवसांनी त्याच्या गाईने, गौरीने खाणं सोडलं. ढोरांच्या डॉक्टरांनी गव्हाण पाहिली, तसा विपुल धावत आला. "काकू, मक्के में फफूंद थी, आपकी वो बुरशी. डॉक्टर साहब बोले, उसका ज़हर दूध में उतरता है. बच्चों को मत देना."

त्या वेळी राखी समृद्धीला विपुलकडून आलेल्या गौरीच्याच दुधातली पेज भरवत होती. चंपाबाईंनी वाटी ओढून घेतली. नात रडू लागली. चंपाबाई म्हणाल्या,

"मले माहीत होतं विपुल, मका खराब आहे म्हणून. तरी दिला."

अंबादास हळूच म्हणाले, "गल्लीत नको सांगू. तोंड दाखवायला जागा नाही राहणार."

"त्या घरांतही लेकरं आहेत," म्हणत चंपाबाई निघाल्या. विपुलचं दूध जाणाऱ्या प्रत्येक दारात त्या थांबल्या. एका दारातून आवाज आला, "आपली नात वाचवली अन् आमच्या पोराले पाजलं?" चंपाबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. मग पुढच्या दारी गेल्या.

उरलेला मका खड्ड्यात पुरला आणि मला धुऊन ओट्यावर पालथं घातलं. समृद्धीला डॉक्टरांनी तपासलं. आज ती बरी आहे, पण पुन्हा दाखवायला सांगितलं आहे. गौरी आता थोडंथोडं खाते.

मित्रांनो, ओलं धान्य झाकून ठेवू नका. आणि जे आपल्या ताटात नको, ते दुसऱ्याच्या गव्हाणीतही टाकू नका.

काल चंपाबाई राखीला म्हणाल्या, "नवा गहू आला की आधी तू चावून पाहा."

तो कट्‌ ऐकू येईपर्यंत मी अशीच पालथी राहीन.