फुंकर मारून मोजलेले कोळी

काकडीच्या काचघरात माझं काम एकच. रोज तीस पानं उलटी करायची आणि भिंगातून लाल कोळी मोजायचे. मोहरीहून बारीक, पानाचा रस पिणारी जात. त्यांना खायला शिकारी कोळी सोडलेले, माझ्याच हट्टानं. मालक म्हणाले होते, "शुक्रवारी आकडा उतरला नाही तर विष मारणार. आणि तू घरी."

मी सातवी नापास. वहिनी गणितात पदवीधर, आणि आम्ही तिला स्वयंपाकाला जुंपलेलं. लाज वाटायला हवी, वाटली नाही. तिनं माझी वही चाळली, पिठाच्या पिशवीमागं समीकरणांच्या दोन ओळी लिहिल्या. लाल वाढले की शिकारी वाढतात, शिकारी वाढले की लाल घटतात, मग शिकारी उपाशी मरतात आणि लाल पुन्हा डोकं काढतात. गेल्या वर्षी फवारणीत शिकारी मेले आणि लाल दुपटीनं आले, तेसुद्धा त्या दोन ओळींतून जसंच्या तसं निघालं! माझ्या अंगावर काटा आला.

"भाऊजी, बुधवारी शेंडा. शुक्रवारी उतार."

शुक्रवारी मोजले. बुधवारपेक्षा जास्त. मालकांनी पंप भरायला लावला. मी वहिनीला फोन केला.

"बोंबललं तुमचं गणित."

"शिकारी किती?"

"दुप्पट."

"मग लाल वाढूच शकत नाहीत. भाऊजी, ते हलतायत का? की मढी मोजलीत?"

ठिपका दिसला की रेघ मारायची, ही माझी मोजणी. श्वासाची ऊब लागली की जिवंत कोळी पळतो हे ठाऊक असून कधी बघितलं नव्हतं. पानावर फुंकर मारली. चार पळाले. उरलेले सत्तर जागच्या जागी. शिकाऱ्यांनी शोषून रिकामी केलेली सालपटं नुसती.

काचघरात पाऊल न टाकलेल्या बाईला घरी बसून माझ्या भिंगाखालची मढी दिसली होती.

"मालक, या इकडं. फुंका."

ते वाकले, फुंकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"आयला," ते हळूच म्हणाले. मग पंपवाल्यावर ओरडले, "ठेव तो पंप खाली!" आणि मला विचारलं, "आता पुढं काय होणार रे?"

मी वहिनीचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

"त्यांनाच विचारा. आणि अहो-जाहो करा."