कॉलीनबाईंचं पाकीट

प्रोफेसर पेंगेलींचा आकडा होता दोन पूर्णांक नऊ. प्रोटॉनच्या पोटात जे काही चालतं त्याबद्दलचा तो आकडा त्यांनी तिशीत असताना कागद-पेन्सिलीने काढला होता. आमच्या अ‍ॅडलेडच्या विभागात सगळ्यांनी तो इतक्यांदा ऐकला होता की चहाच्या खोलीत कोणी नुसतं "दोन पूर्णांक" म्हटलं, तरी बाकीचे "नऊ" म्हणून मोकळे व्हायचे.

कागद-पेन्सिलीची पद्धत तशी छान. पहिलं पद काढायचं, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक पद आधीच्यापेक्षा लहान होत जातं आणि माणूस कुठेतरी थांबतो. पण प्रोटॉनच्या आतलं बल एवढं दांडगं, की तिथे पुढचं पद आधीच्यापेक्षा मोठं निघतं. मग अंदाज करावा लागतो, आणि पेंगेलींचा अंदाज असा होता की त्याच्या आजूबाजूला शून्य पूर्णांक तीनची चूक त्यांनी स्वतःच मान्य केली होती. त्याहून जास्त नाही.

अ‍ॅनेलीस झ्वार बरोसाच्या द्राक्षमळ्यांतून आलेली, चौतिशीची, तोंडाने फटकळ. तिची पद्धत वेगळी. अवकाश आणि काळ यांची जाळी विणायची, संगणकाला त्या जाळीवर लाखो वेळा फासे टाकायला लावायचे. मग जाळीची घरं बारीक, आणखी बारीक करायची, प्रत्येक जाळीचं उत्तर आलेखावर एक बिंदू म्हणून मांडायचं, आणि शेवटी त्या बिंदूंमधून रेघ ओढून विचारायचं की घरं अगदी नाहीशी झाली तर उत्तर काय येईल. संगणक सांभाळायला मी होतो.

"प्रोफेसर, तुमचा आकडा कमी आहे," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "खरा तीनच्या वर जाणार. लिहून घ्या."

"लिहून घेतो. स्पेलिंग सांग, झेड-डब्ल्यू-ए-आर ना?"

अशी दोन माणसं एकाच कामात असली की धोका असतो. हवं तसं उत्तर आलं की माणूस चूक शोधायचं थांबवतो, आणि नको तसं आलं की शोधतच बसतो. म्हणून आम्ही ठरवलं, या उत्तराचे सगळे आकडे एका गुप्त संख्येने गुणायचे. अर्ध्यापासून दीडपर्यंत कुठलीही संख्या. ती ठरवली कार्यालयातल्या कॉलीन हॅड्रिकबाईंनी. मी पाठ फिरवून उभा राहिलो, त्यांनी ती संगणकात टाकून कुलूप लावलं, कागदावर लिहून पाकिटात घातली आणि पाकीट पर्समध्ये टाकलं. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि पर्स घेऊन मूंटा बे या समुद्रकाठच्या गावी राहायला गेल्या. पाकिटाची आठवण तेव्हा कोणालाच झाली नाही.

तीन वर्षांनी काम संपलं, म्हणजे भांडण सुरू झालं. सगळ्यात मोठ्या घरांच्या जाळीचा एक बिंदू रांगेत उभाच राहीना. अ‍ॅनेलीस म्हणे काढून टाका, पेंगेली म्हणत ठेवा. काढला तर उत्तर चांगलं दहा टक्क्यांहून जास्त खाली घसरत होतं, पण गुप्त संख्येमुळे ते नक्की कुठे घसरतंय हे दोघांनाही माहीत नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी दोघांना गाडीत घातलं आणि मूंटा बे गावी नेलं. कॉलीनबाई ओहोटीच्या पाण्यात गुडघाभर उभ्या राहून दाताळ्याने निळे खेकडे ओढत होत्या.

"आलात? पाकीट हवंय ना!" त्या तिथूनच ओरडल्या. "आधी हे ऐका. हा पेंगेली मला दोनदा फोन करून म्हणाला, 'संख्या एकाच्या वर की खाली, एवढंच सांग गं.'"

अ‍ॅनेलीस फिस्सकन हसली.

"हसतेस काय? तू तीनदा केलास."

मग दोघंही खेकड्यांची बादली उचलायला एकदम पुढे झाले.

स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून खेकडे फोडता फोडता कॉलीनबाईंनी अट घातली. "बिंदूचं काय ते ठरवा, कागदावर सह्या करा, मग पाकीट. नाहीतर खिम्याची पेस्टी भाजलीय, ती खा आणि घरी जा."

"तो बिंदू वाईटच आहे," अ‍ॅनेलीस म्हणाली.

"कशावरून गं? त्याचं उत्तर तुला आवडत नाही म्हणून?" कॉलीनबाईंनी विचारलं.

"नाही! म्हणजे..." तिने खेकड्याची नांगी खाली ठेवली. "त्याच जाळीवर दुसरं काहीतरी काढून बघायला हवं. ज्याचं उत्तर प्रयोगातून आधीच माहीत आहे असं. तेही चुकत असेल, तर जाळीच वाईट."

"सहा महिने भांडलात, त्यात हे सुचलं नाही?"

"भांडत होतो ना," पेंगेली म्हणाले.

माहिती संगणकात पडलेलीच होती. मी हात धुऊन बसलो आणि अर्ध्या तासात तक्ता काढला. बारीक घरांच्या जाळ्यांवर उत्तर प्रयोगाशी जुळत होतं, त्या मोठ्या घरांच्या जाळीवर मात्र पार भरकटलं होतं. पेंगेलींनी चष्मा वर करून तक्ता दोनदा पाहिला. मग माझ्या हातातलं पेन घेऊन तो बिंदू त्यांनी स्वतःच खोडला आणि खाली सही केली. सहीवर खेकड्याचं पाणी सांडलं.

पाकिटात संख्या होती शून्य पूर्णांक सत्त्याऐंशी. मी भागाकार केला. दोन पूर्णांक एकतीस.

अ‍ॅनेलीसचं 'तीनच्या वर' गेलं, आणि पेंगेलींची तीस-पस्तीस वर्षंही गेली. गंमत म्हणजे बिंदू ठेवला असता तर उत्तर दोन पूर्णांक एकसष्ट आलं असतं, पेंगेलींनी मान्य केलेल्या चुकीत जेमतेम बसणारं. तो हिशेब त्यांनी आमच्या आधी मनात केला होता. ते बाहेर पडले आणि ओसरलेल्या पाण्यातून लांबवर चालत गेले.

"जाऊ का मी मागे?" अ‍ॅनेलीसचा आवाज उतरला होता.

"बस गं. बुडायला तिथे गुडघ्याच्या वर पाणी नाही," कॉलीनबाई म्हणाल्या, पण त्याही खिडकीतून हलल्या नाहीत.

तासाभराने पेंगेली पँट भिजवून परतले. "तिसऱ्या पदाचा अंदाज करताना मी जरा उदार झालो होतो," ते म्हणाले. "तेव्हाच शंका आली होती. पण आकडा दिसायला इतका छान होता!"

शोधनिबंध लिहिताना अ‍ॅनेलीसने घातलं, 'पूर्वीचा अंदाज काहीसा वेगळा होता.' पेंगेलींनी ते खोडून लिहिलं, 'पूर्वीचा अंदाज चुकीचा होता.' ती दोन दिवस वाद घालत राहिली, पण ते हटले नाहीत.

मग नियतकालिकाच्या परीक्षकाचं पत्र आलं: तो एक बिंदू का वगळला, सोयीचा नव्हता म्हणून? अ‍ॅनेलीस चिडून उत्तर लिहायला बसली. पेंगेलींनी खुर्ची तिच्या शेजारी ओढली. "सरक. हे मी लिहितो." आणि त्यांनी त्या बिंदूविरुद्ध चार पानं लिहिली, इतक्या जोरात की तिला त्यातली दीड पानं, सभ्यतेखातर, काढावी लागली.