वारेचा कण वेचणारा चिमटा

"पांढऱ्या फांद्या तेवढ्या उचल. मळकट गोळा दिसेल तो आईच्या अंगचा. त्याला शिवूसुद्धा नकोस."

आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. स्वयंपाकघरातला दणकट चिमटा नव्हे हं. माझी टोकं सुईसारखी बारीक. बाळ पोटात असताना त्याच्या वारेचा इवलासा तुकडा आमच्या प्रयोगशाळेत येतो. वार आणि बाळ एकाच बीजातून वाढतात, म्हणून वारेची गुणसूत्रे तपासून बाळाची खुशाली बहुधा कळते. त्या तुकड्यातल्या पांढऱ्या फांद्या वारेच्या, पण त्यांना आईच्या अंगातलंही थोडं चिकटून येतं. ते सूक्ष्मदर्शकाखाली वेगळं करणं हे माझं काम.

मला चालवणारी ताई मोठ्या बाईंच्या हाताखाली शिकलेली. हात धुवायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि मगच मला उचलायचं, असा तिचा नेम. "ही दुधातलं पाणीसुद्धा वेचून काढेल," असं सगळे म्हणत, तेव्हा मीच फुशारून जाई.

पुढे बाई निवृत्त झाल्या. एकदा मी फरशीवर पडलो आणि माझं एक टोक वाकलं. "चालतंय की अजून," म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

एका सकाळी एक नमुना आला. त्या आईचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं होतं. नमुना जेमतेम तिळाएवढा; त्यात पांढऱ्या फांद्या दोन-चारच.

"परत बोलवायचं का त्यांना?" मदतनीस बाईंनी विचारलं.

"परत बोलावलं की परत सुई आली. बिचारी आधीच भेदरलीय," ताई म्हणाली, आणि तिनं मळकट कणही माझ्याकडून उचलून घेतले.

दयेनं केलं हो तिनं! पण पेशी वाढवायच्या बशीत आईच्याच पेशी माजल्या. गुणसूत्रे ठीक दिसली. 'दोष नाही' असा अहवाल गेला. नमुना अपुरा होता, हे त्यात कुठंच नव्हतं.

बाळ दोष घेऊनच जन्मलं. नऊ दिवस जगलं.

महिन्याभरानं ती आई प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी आली. "भांडायला नाही आले, ताई. तुमच्या कागदावर विसंबून झबली शिवत बसले होते. आधी कळलं असतं तर मनाची तयारी तरी केली असती. चुकलं कुठं, तेवढं सांगाल?"

"शोधते. मी स्वतः घरी येऊन सांगेन. शब्द देते."

ताईनं त्या नमुन्याच्या जपून ठेवलेल्या काचा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. बाळ मुलगा होता. काचांवरची एकूण एक पेशी बाईमाणसाची, म्हणजे आईचीच. तिनं प्रयोगशाळेच्या साहेबांना सगळं सांगितलं, आणि त्या आईच्या घरी जाते म्हणाली.

मित्रांनो, माझं टोक वाकलं होतं हे खरं, पण सगळा दोष त्याच्यावर ढकलू नका. हत्यारं जपा. आणि जे नीट दिसलं नाही, ते 'नीट दिसलं नाही' असं सांगायला कधी लाजू नका. मायेपोटी झाकलेलं सत्य फार पोळतं.

"पत्र पाठवू ना," साहेब म्हणाले. "तू गेलीस तर तोंडावर दार लावतील."

"लावू देत. दाराआडून ऐकतील तरी."

तिनं मला पुसून डबीत ठेवलं, ॲप्रन खुंटीला अडकवला, चपला घातल्या, आणि ती जिना उतरू लागली.