अकरा डबे

"आकडा सत्तरच्या खाली दिसला, की घड्याळाकडे बघायचं नाही. साखरेचं पाणी द्यायचं. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं एक विसरू नका."

नर्सबाईंनी हे मला सांगितलं होतं, जाऊबाईंना नाही. जाऊबाई शेजारच्या खुर्चीवर कापसानं बोट दाबून बसल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना रोजे धरूच नका म्हणून स्पष्ट बजावलं होतं, आणि त्या "बरं, बरं" म्हणत होत्या. नर्सबाईंनी ते "बरं" नीट ओळखलं असावं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "या आपलंच खरं करणार. तुम्ही शांत दिसता. तुम्ही ऐकाल."

मी मान हलवली. मान हलवायला मला कधीच जड गेलं नाही.

आमच्या घराचा खालचा मजला म्हणजे भाऊजींची व्यायामशाळा. भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. वर आम्ही दोघी जावा आणि एक स्वयंपाकघर. आमचे हे बोटीवर, वर्षातले नऊ महिने पाण्यात. घरातून बाहेर पडायला दोन जिने. पुढचा व्यायामशाळेतून जातो, मागचा परसात उतरतो. बायका मागचाच वापरतात. तसं कुणी सांगितलेलं नाही, पडलेली सवय आहे.

दर रमजानला भाऊजी एक कागद छापून वाटतात. 'रोजे धरा, तंदुरुस्त राहा.' रोजा सोडताना आधी पाणी, मग तीन खजूर, मग नमाज, आणि ताट त्यानंतर. तळण नको. पहाटे सहरीला अंडी, दुधातले ओट्स, काकडी. शेवटच्या मिनिटाला तांब्याभर पाणी ढोसू नका, रात्रभर थोडं थोडं प्या. रोजा सुटण्याच्या तासभर आधी वीस मिनिटं सावकाश चाला. खाली भाऊजींचा हाताची घडी घातलेला फोटो. त्यातली प्रत्येक ओळ जाऊबाईंच्या हाताखालून गेलेली. काय खाल्लं की दुपारी डोकं दुखतं आणि काय खाल्लं की दिवस तरतो, हे त्यांनी वीस वर्षं घरातल्या पुरुषांना वाढून वाढून शोधलं होतं. त्या मात्र स्वतः उभ्या उभ्या खायच्या, पहाटेच्या अजानला दोन मिनिटं उरली असताना, उरलेलं.

"कागदावर तुमचा फोटो हवा होता," मी एकदा म्हणाले.

"माझा? लोक म्हणतील, आधी हिलाच तंदुरुस्त करा!" आणि इतक्या हसल्या की ठसका लागला.

त्यांना साखर निघाली ती पन्नाशीच्या आत. गेल्या रमजानच्या आधी भाऊजींनी खाली जमलेल्या मंडळींना सांगून टाकलं, "भिता काय साखरेला? आमच्या घरात बघा. ही धरणार, तीसच्या तीस! खाणं नीट असेल तर काही होत नाही." लोकांनी माशाअल्लाह म्हटलं. भाऊजी वर आले ते शिट्टी वाजवतच. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. बायकोचा अभिमान कसा मिरवायचा, याची त्यांना ही एवढीच रीत ठाऊक होती.

तिसऱ्याच रोज्याला दुपारी जाऊबाईंचे हात थरथरले. मी बोट टोचून साखरेच्या यंत्रावर बघितलं. बासष्ट. मी साखरेचं पाणी घेऊन कोठीत गेले. तांदळाच्या पिंपामागे बसून त्यांनी ते प्यायलं, ओढणीनं ओठ पुसले, पेला माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी सगळ्यांसोबत बसून पुन्हा खजूर उचलला, दुवा मागितली.

असे दहा रोजे मोडले. दहाही वेळा पेला मी नेला.

"सांगून टाका ना भाऊजींना," मी म्हणायची. "आजारी माणसाला सूट आहे. देवानंच दिली आहे."

"देवाचं मला काही वाटत नाही गं, धाकटे. त्याला सगळं ठाऊक आहे, तो माफही करेल. मला धास्ती आहे ती खालच्या मंडळींची."

तिसाव्या, शेवटच्या रोज्याला व्यायामशाळेतली पंधरा माणसं वर इफ्तारला होती. बाहेरच्या खोलीत चटया अंथरलेल्या, खजुरांच्या बशा मांडलेल्या. स्वयंपाकघरात मी काकडी चिरत होते. जाऊबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या कपाळावर घाम दिसला. मी बोट टोचलं. एकसष्ट.

मी घड्याळाकडे बघितलं.

साखरेचा डबा कोठीत. कोठीत जायचं तर बाहेरच्या खोलीतून, त्या पंधरा माणसांसमोरून. आणि आठच मिनिटं उरली होती. दहा रोजे मी माझ्या हातानं मोडलेले बघितले होते, हा एक तरी पुरा होऊ दे असंही मनात आलं. नक्की काय आधी आलं ते मी आजही सांगू शकत नाही. "आठच मिनिटं आहेत, जाऊबाई," मी म्हणाले, "एवढा दिवस काढलात, एवढं धरा."

त्यांनी धरलं. त्या माझं ऐकायच्या.

चार मिनिटांनी त्या पडल्या. ओट्याचा कोपरा कानामागे लागला.

इस्पितळात नऊ दिवस होत्या, घरी परतल्या नाहीत. सहाव्या दिवशी शुद्ध नीट होती. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "अकरा झाले. एकेका रोज्याबद्दल एका गरजूला पोटभर जेवण घालायचं असतं. तू घाल. दुपारी घाल. आजारी माणसाला घाल, ज्याला रोजा झेपत नाही आणि रमजानात दुपारचं ताट कुणी वाढत नाही. आणि माझ्या नावानं घाल, धाकटे. लपवून नको. लपवून फार खाल्लं मी."

मी मान हलवली.

घरात सगळे म्हणतात, ओल्या फरशीवर पाय घसरला. फरशी ओली होतीच. मी काही म्हटलं नाही. पहाटेच्या नमाजीनंतर रोज शंभरदा माफी मागायची आणि दिवसभरात कुणाला उलट बोलायचं नाही, असा माझा लग्नाआधीपासूनचा नेम आहे. वर्षभर मी तो मोडला नाही. लोक म्हणतात, धाकटी सून किती सोशिक! जाऊबाईंच्या नावानं डबा द्यायचा तर भाऊजींना आधी अकराचा आकडा सांगावा लागणार होता, आणि अकरावा कसा झाला तेही. तेव्हा दर महिन्याला मी स्वतःला सांगायची, पुढच्या महिन्यात.

बघता बघता दुसरा रमजान आला. भाऊजींनी कागद छापला. या वेळी शेवटी एक ओळ जास्त होती. 'साखर असली तरी घाबरू नका. माझी मरहूम पत्नी साखर असून शेवटपर्यंत रोजे धरत होती.' मी ती ओळ वाचली आणि कागद डब्यांच्या फळीवर अंथरला.

बाराव्या रोज्याला सकाळी बेकरीवाली आली. कोपऱ्यावरच्या बेकरीत नवऱ्याच्या बरोबरीनं राबते, पस्तिशीची असेल. मागच्या जिन्यानं वर येऊन दारातच टेकली.

"बसते जरा. तुमचा जिना आहे की डोंगर!"

"पंख्याखाली बस."

"भाभी, एक विचारायचं होतं. मला साखर निघालीय. चार महिने झाले. डॉक्टर म्हणाला रोजे नको. पण हा कागद वाचला." तिनं कनवटीतून घडी काढली. "तुमच्या जाऊबाई धरायच्या ना? मग मला काय धाड भरलीय! मी पण धरते. काल भट्टीपाशी डोळ्यांपुढे अंधारी आली. हात असे लटलट. नवरा म्हणाला, सोड. मी म्हटलं, मोठ्या भाभींनी धरलं असतं. आणि धरलं."

"किती वेळ राहिला होता?"

"वीसेक मिनिटं. जास्त नाही."

मी तिच्या हातांकडे बघितलं. मनगटापर्यंत मैदा होता. नखांतही.

"त्यांनी धरलं नव्हतं," मी म्हणाले.

"काय?"

"जाऊबाईंनी. त्यांचे अकरा मोडले. दहा वेळा मी साखरेचं पाणी दिलं, म्हणून त्या जगल्या. अकराव्या वेळी मी थांबा म्हटलं. पाय घसरला नव्हता."

बेकरीवालीनं हातातला कागद उलगडला. मग म्हणाली, "आणि हे छापलंय ते?"

"भाऊजींना ठाऊक नाही."

"वर्ष झालं, भाभी." एवढंच म्हणाली. पण तिनं ते असं म्हटलं की मला खाली बघावं लागलं.

"तू घरी जा," मी म्हणाले, "काहीतरी खा. आणि रोज बोट टोच. टोचल्यानं रोजा मोडत नाही. आणि आकडा सत्तरच्या खाली दिसला, की घड्याळाकडे बघू नकोस."

ती गेली. मी खाली उतरले, पुढच्या जिन्यानं. भाऊजी एकटेच होते, फडक्यानं लोखंडी वजनं पुसत होते.

"अगं, इकडून कशी? परसात साप-बिप निघाला काय?"

मी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. कोठी, पिंप, पेला, दहा, एकसष्ट, आठ मिनिटं. माझा आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळे त्यांना आधी कळलंच नाही मी काय बोलते आहे. मग हातातलं फडकं थांबलं.

"म्हणजे माझ्यामुळे गेली असं म्हणायचंय तुला?"

"नाही. थांबा मी म्हटलं."

"मग आता कशाला सांगतेस? मेल्या बाईचे रोजे मोजायला बसलीस?"

"त्यांनीच मोजले होते, भाऊजी."

"मला नाही सांगितलं." ते वजनाकडे बघत होते. "वीस वर्षं एका ताटात जेवलो. मी काय वाघ होतो? खाल्लं असतं तिला?"

त्यांनी वजन उचलून जागेवर ठेवलं.

"तो कागद मी परत गोळा करणार नाही," ते म्हणाले. "दीडशे वाटलेत. लोकांना काय सांगू, बायको चोरून पाणी प्यायची? तिची अब्रू जाईल."

"चोरून नाही. औषध होतं ते."

"जा वर," ते म्हणाले. "तोंड बघायचं नाही मला तुझं."

मी वर आले. चूल पेटवली. रोज्याच्या घरात सकाळी अकरा वाजता चूल पेटलेली मी कधी बघितली नव्हती. डाळ शिजवली, थोडा भात, उकडलेली भाजी, एक अंडं, काकडी. साखरेच्या माणसाला भात किती द्यायचा, ते जाऊबाईंनी मुठीनं दाखवलं होतं, तसा मुठीनं मोजला. डाळीचं मीठ चाखून बघता येईना. त्या वासावरून सांगायच्या. मला ते कधी जमलं नाही. चमच्याच्या टोकाएवढं घातलं आणि झाकण लावलं.

डबा गादीवाल्या चाचांसाठी होता. मागे त्यांच्याकडे उशा भरायला दिल्या होत्या, तेव्हा बघितलं होतं. साखरेनं एका पायाची तीन बोटं गेलेली, घरी कुणी नाही. रमजानात दुपारी शटर अर्धं ओढून कापसाच्या ढिगामागे बसतात आणि पाण्यात बुडवून टोस्ट खातात. टोस्टला कापूस चिकटलेला असतो. मला बघून त्यांनी तो पाठीमागे लपवला होता, सत्तर वर्षांच्या माणसानं.

दुपारची नमाज झाली. खालून आवाज यायला लागले. मशिदीतून परतलेली मंडळी पंख्याखाली टेकतात, भाऊजी त्यांना चार गोष्टी सांगतात. आज भाऊजींचा आवाज येत नव्हता.

डबा फडक्यात बांधून मी पुढच्या जिन्याशी आले. भाऊजी जिन्याच्या तोंडाशीच उभे होते. जणू वाट बघत होते. डब्याकडे बघून हळूच म्हणाले, "मागच्या दारानं जा."

"लपवून नको म्हणाल्या होत्या."

"धाकटे, माणसं बसलीत."

"हो," मी म्हणाले.

ते बाजूला झाले नाहीत, पण अडवलंही नाही. मी भिंतीला अंग घासत त्यांच्या शेजारून उतरले. सहा-सात जण चटयांवर बसलेले. गरम डाळीचा वास सगळ्यांना आला असणार, बोलणं थांबलं.

"काय भाभी," एक जण हसत म्हणाला, "आजपासून इफ्तार दुपारीच की काय?"

"मोठ्या जाऊबाईंचा डबा आहे," मी म्हणाले. "त्यांचे अकरा रोजे राहिलेत. आजारी होत्या, धरता आले नाहीत. आज पहिला."

कुणी हसलं नाही. मागे जिन्यात भाऊजींनी कठडा घट्ट धरलेला मला न बघताही कळलं. पुढच्या दाराशी माझ्या चपला नव्हत्या, त्या नेहमी मागच्या दाराशी असतात. मी अनवाणीच पायरी उतरले. फरशी तापलेली होती. गादीवाल्याचं अर्धं शटर इथून दिसत होतं. डबा दोन्ही हातांनी धरून मी चालायला लागले, डाळ सांडू नये म्हणून सावकाश.